फोकसिंग स्क्रीन कशी निवडायची: फिल्म कॅमेरा नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

आजोबांच्या किंवा काकांच्या कपाटातून निघालेला कॅमेरा घेऊन कोणीतरी घरी येतं आणि पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : "मधल्या गोलाचा अर्धा भाग काळा दिसतोय, कॅमेरा बिघडलाय का?" मी कॅमेरा हातात घेतो आणि आधी लेन्सच्या पुढच्या कड्यावरचा, लेन्सचं तोंड किती उघडतं ते सांगणारा आकडा वाचतो (आकडा जितका मोठा, तितकं तोंड अरुंद). एफ/५.६ किंवा त्याच्या आसपासचा आकडा असला की उत्तर मिळालेलं असतं. कॅमेरा ठणठणीत आहे, त्या लेन्सचं आणि आतल्या फोकसिंग स्क्रीनचं जमत नाही, एवढंच.

या छोट्या काचेबद्दल नव्या मंडळींना कोणी फारसं सांगत नाही. लेन्सवर तासन् तास बोलणं होतं, फिल्मवर होतं. पण आपण प्रत्येक फोटो काढण्याआधी ज्या काचेवर चित्र पाहतो, तिच्याबद्दल दोन वाक्यंही कानावर पडत नाहीत. मॅन्युअल कॅमेऱ्यात फोकस आपल्या डोळ्याने करायचा असतो, त्यामुळे ती काच डोळ्याला आणि कामाला जुळणारी असली तर अर्धं काम सोपं होतं. ती कशी निवडायची, कशी बदलायची आणि बदलल्यावर कशी तपासायची, ते इथे क्रमाने सांगतो. उदाहरणं सोलापूरची आहेत, कारण मी इथेच फोटो काढतो.

आधी ही काच करते काय ते

लेन्समधून आलेला प्रकाश आत ४५ अंशात उभ्या असलेल्या आरशावर पडतो. आरसा तो वर फेकतो आणि वर आडव्या बसवलेल्या स्क्रीनवर चित्र उमटतं. त्यावरचं पेंटाप्रिझम ते चित्र सुलट करून डोळ्यापर्यंत पोचवतं. लेन्सपासून आरशामार्गे ही स्क्रीन जितक्या अंतरावर, बरोबर तितक्याच अंतरावर मागे फिल्म असते. म्हणून स्क्रीनवर जे रेखीव दिसतं तेच फिल्मवर रेखीव येतं. हे अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं जरी चुकलं, तरी एफ/२ ला काढलेला फोटो मऊ येतो. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पुढे बदलताना आणि तपासताना तिचं काम पडणार आहे.

आणखी एक, कारण यावरून लोक उगीच घाबरतात. स्क्रीनवरची धूळ, केस, बारीक ओरखडा यातलं काहीही फोटोत येत नाही. फोटो घेताना आरसा वर उचलला जातो आणि प्रकाश थेट फिल्मवर जातो, स्क्रीनचा त्यात संबंध उरत नाही. तेव्हा दोन ठिपके दिसतात म्हणून स्क्रीन बदलायला निघू नका.

स्क्रीनचे प्रकार

साधी मॅट स्क्रीन म्हणजे घासलेल्या काचेसारखा एकसारखा पृष्ठभाग. मध्ये गोल, ठिपके, रेषा असं मदतीला काही नाही. चित्र धूसर असलं की धूसर दिसतं, फोकस झाला की रेखीव होतं. नवशिक्याला ती ओकीबोकी वाटते, पण सवय झाली की फ्रेमच्या कुठल्याही कोपऱ्यात फोकस करता येतो, हे तिचं मोठेपण.

स्प्लिट स्क्रीनमध्ये मध्यभागी छोटा गोल असतो आणि त्याचे वरचा-खालचा असे दोन भाग. आत एकमेकांच्या उलट उतारावर घासलेले दोन प्रिझम बसवलेले असतात. फोकस चुकीचा असेल तर उभी रेषा मध्येच तुटल्यासारखी दिसते, अर्धी डावीकडे, अर्धी उजवीकडे. लेन्सचं कडं फिरवत ती जोडली की फोकस झाला. हे इतकं स्पष्ट दिसतं की पहिल्याच दिवशी जमतं.

मायक्रोप्रिझम म्हणजे मध्ये बारीक बारीक प्रिझमांची दाट जाळी. फोकस नसताना तिथलं चित्र पाण्यावरच्या उन्हासारखं लुकलुकतं आणि फोकस होताच एकदम शांत होतं. पेंटॅक्स के१००० मध्ये मध्यभागी हीच जाळी असते.

या दोन्हींची जोड, म्हणजे मध्ये स्प्लिट आणि भोवती मायक्रोप्रिझमचं कडं, ही सगळ्यात जास्त कॅमेऱ्यांत कारखान्यातूनच बसून आलेली स्क्रीन. निकॉन एफएम२ मध्ये ती के२ या नावाने येते, ऑलिंपसच्या ओएम मालिकेत १-१३ या क्रमांकाने. आणि शेवटची चौकटीची : मॅट काचेवर आडव्या-उभ्या बारीक रेषा. निकॉनकडे ई, ऑलिंपसकडे १-१०.

पहिली पायरी : तुमच्या कॅमेऱ्यात स्क्रीन बदलता येते का?

हे आधी बघा, कारण पुढचा सगळा विचार यावर ठरतो. १९५९ च्या निकॉन एफ सारख्या व्यावसायिक कॅमेऱ्यांत स्क्रीन बदलायची सोय होती. एफ, एफ२, एफ३ मध्ये वरचं प्रिझम काढून स्क्रीन वरून उचलता येते. निकॉन एफई, एफएम२, एफई२, ऑलिंपस ओएम-१ आणि ओएम-२, पेंटॅक्स एमएक्स, कॅनन एई-१ प्रोग्रॅम यांच्यात लेन्स काढून समोरच्या तोंडातून बदलता येते.

नावाच्या सारखेपणाला मात्र फसू नका. एफएम२ मध्ये बदलता येते, पण तिच्याआधीच्या १९७७ च्या एफएम मध्ये नाही. एई-१ प्रोग्रॅममध्ये येते, साध्या एई-१ मध्ये नाही. के१००० आणि नंतरचा एफएम१० यांतही स्क्रीन कायमची बसवलेली. असा कॅमेरा असेल तर निराश होऊ नका, आणि स्क्रूड्रायव्हर तर मुळीच उचलू नका. आहे त्या स्क्रीनवर काम कसं करायचं ते पुढच्या पायऱ्यांमध्ये आहेच, फक्त विकत घेण्याचा आणि बदलण्याचा भाग सोडून द्या.

यशिकामॅटसारखा जुळ्या लेन्सचा कॅमेरा हाती आला असेल तर त्याची स्क्रीन वरच्या झाकणाखाली असते आणि ती काढायला झाकणाचे स्क्रू सोडवावे लागतात. ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावं. झाकणातलं भिंग उघडून त्यातून फोकस करायची सवय लावली की बहुतेकांना दुसऱ्या स्क्रीनची गरजच पडत नाही.

दुसरी पायरी : डोळे

स्क्रीनला दोष देण्याआधी स्वतःचे डोळे तपासून बघा. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र डोळ्याला साधारण एक-दोन मीटर अंतरावर असल्यासारखं दिसावं, अशी आतल्या भिंगांची रचना असते. तुमचा नंबर त्या अंतराला जुळत नसेल, तर जगातली उत्तम स्क्रीनही धूसरच दिसणार.

तपासायची सोपी रीत अशी : लेन्स काढून ठेवा, कॅमेरा उजेडाकडे, पांढऱ्या भिंतीकडे धरा आणि मधल्या गोलाच्या कडेकडे नीट बघा. ती कड रेखीव दिसते का? चष्म्यासकट आणि चष्म्याशिवाय, दोन्ही प्रकारे बघा. कडच पुसट दिसत असेल, तर तुम्हाला स्क्रीन नको, डोळ्याच्या खिडकीवर बसवायचं नंबराचं भिंग हवं. एफएम२ सारख्या कॅमेऱ्यांना ते स्क्रूने बसतं. चाळिशी लागलेल्यांनी तर ही पायरी अजिबात ओलांडू नये. मॅट स्क्रीन विकत घेऊन "यात काहीच दिसत नाही" म्हणणारे मी पाहिलेत, आणि भिंग लावल्यावर त्यांनाच त्याच स्क्रीनवर पापण्या मोजता आल्या.

तिसरी पायरी : लेन्सचा आकडा

आता त्या काळ्या गोलाकडे येऊ. स्प्लिटमधले प्रिझम लेन्सच्या डाव्या-उजव्या कडेकडून येणारा प्रकाश वापरतात. लेन्सचं तोंड पुरेसं रुंद असेल तर दोन्ही कडांचा प्रकाश मिळतो. तोंड अरुंद असेल तर प्रिझम जिकडे बघतो तिकडे लेन्सच नसते, आणि तो अर्धा भाग काळा पडतो. नेहमीच्या स्प्लिटमध्ये हे साधारण एफ/५.६ च्या आसपास सुरू होतं. डोळा जरासा डावी-उजवीकडे सरकवला की कधी वरचा अर्धा काळा होतो, कधी खालचा. मायक्रोप्रिझमचंही तेच, फक्त तिथे काळेपणाऐवजी घाण साचल्यासारखी काजळी दिसते.

इथे नवशिक्यांचा हमखास गोंधळ होतो. लेन्सवर अॅपर्चरचं कडं एफ/८ ला ठेवलं तरी गोल काळा होत नाही, कारण फोटो काढेपर्यंत लेन्सच्या पाकळ्या पूर्ण उघड्या असतात. महत्त्वाचा असतो तो लेन्सचा सगळ्यात मोठा अॅपर्चर, म्हणजे पुढच्या कड्यावर छापलेला आकडा. डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढे-मागे किती अंतर रेखीव येईल, ते बघायचं बटण दाबलंत तर मात्र पाकळ्या मिटतात आणि गोल काळा होतो. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये नळ्या लावून अगदी जवळचा फोटो घेतानाही तसंच होतं.

म्हणून आपल्याकडच्या लेन्सचे आकडे एका कागदावर लिहून काढा. ५० मिमी एफ/१.८ आणि ३५ मिमी एफ/२.८ एवढंच असेल तर स्प्लिटची जोडस्क्रीन खुशाल ठेवा. ७०-२१० सारखा झूम असेल आणि त्याचा आकडा लांबच्या टोकाला ५.६ होत असेल, तर त्या टोकाला भोवतालच्या मॅट भागावर फोकस करायला शिकावं लागेल. ५०० मिमी एफ/८ ची आरशाची लेन्स असेल तर स्प्लिट कायमचा काळाच राहणार. तिथे साधी मॅट घ्या.

एफ/१.४ लेन्स असणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. अलीकडच्या उजळ मॅट स्क्रीन साधारण एफ/२.८ च्या आसपासच्या प्रकाशकोनासाठी बनवलेल्या असतात. लेन्सच्या अगदी कडेकडून तिरका येणारा प्रकाश त्या डोळ्यापर्यंत नीट पोचवत नाहीत. परिणाम असा की एफ/१.४ ला फोटोत मागचं जेवढं विरघळणार आहे, तेवढं व्ह्यूफाइंडरमध्ये दिसत नाही. करून बघा : डेप्थचं बटण दाबून ठेवा आणि कडं १.४ वरून २.८ कडे न्या. स्क्रीनवरचा उजेड जवळपास बदलत नसेल, तर तुमची स्क्रीन या जातीची आहे. जुन्या, गडद, खरखरीत काचेवर तो लगेच कमी होताना दिसतो. त्या काचा अंधाऱ्या असल्या तरी रुंद लेन्सचा फोकस त्यांच्यावर खरा दिसतो. आणि स्प्लिटची अचूकता लेन्स जास्त रुंद असली म्हणून वाढत नाही, ती प्रिझमच्या उतारावर ठरलेली असते. अशा लेन्सवर चेहरे काढताना मी स्प्लिटवर जोडून घेतो आणि मग मॅटवर डोळ्यांची चमक बघून खात्री करतो.

चौथी पायरी : तुम्ही काढता कशाचे फोटो?

मला यंत्रमागाच्या शेडमध्ये फोटो काढायला आवडतं, आणि स्प्लिटबद्दलचा सगळ्यात मोठा धडा मला तिथेच मिळाला.

चादरीच्या मागावर उभा ताणा पसरलेला असतो, शेकडो धागे एकमेकांना लागून, सगळे सारख्या जाडीचे, सारख्या अंतरावर. मला वाटलं होतं, उभ्या रेषाच रेषा आहेत, स्प्लिटला याहून सोपं काय असणार! गोल ताण्यावर ठेवला, कडं फिरवलं, वरचे धागे खालच्या धाग्यांना छान जुळले. थोडं आणखी फिरवलं, तर पुन्हा जुळले. आणखी फिरवलं, पुन्हा. वरच्या अर्ध्यातला धागा खालच्या अर्ध्यातल्या स्वतःच्या धाग्याला जुळतोय की शेजारच्याला, हे सांगणारं तिथे काहीच नव्हतं. तो रोल धुऊन आला तेव्हा फणीजवळचा ताणा धूसर होता आणि हातभर मागचा लख्ख. तेव्हापासून मागावर मी स्प्लिट धाग्यांवर ठेवत नाही. धोट्याची कड, विणकराच्या चष्म्याची दांडी, लाकडी चौकटीचा कोपरा, असं एकटं उभं काहीतरी शोधतो. धाग्यांवरच फोकस करायचा असेल तर मायक्रोप्रिझमचं कडं किंवा मॅट. खिडकीची जाळी, लोखंडी ग्रील, पायऱ्यांचे कठडे यांनाही हाच नियम.

स्प्लिटची दुसरी मर्यादा म्हणजे आडव्या रेषा त्याला कळत नाहीत. सिद्धेश्वराच्या तळ्यात पाण्याची रेघ, घाटाच्या पायऱ्या सगळं आडवं. तिथे कॅमेरा उभा धरून फोकस करायचा आणि मग आडवा करून फोटो काढायचा. काही कॅमेऱ्यांना ४५ अंशात तिरका कापलेला स्प्लिट मिळतो, निकॉनच्या व्यावसायिक मालिकेत तो एल या नावाने होता. तो आडवं-उभं दोन्ही ओळखतो. मिळाला तर जरूर घ्या.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, उंच नंदीध्वज, गर्दी आणि दिवस मावळल्यावरचा उजेड. इथे विषय सतत हलत असतो आणि तो फ्रेमच्या मध्यावर क्वचितच असतो. स्प्लिटवर आधी जोडायचं, मग फ्रेम लावायची, एवढ्यात माणूस दोन पावलं पुढे गेलेला असतो. म्हणून गर्दीसाठी मी साधी उजळ मॅट पसंत करतो. चेहरा फ्रेममध्ये डावीकडे हवा असेल तर डावीकडेच फोकस होतो. पण हे जमायला दोन-तीन रोल जावे लागतात. पहिल्याच यात्रेला नवी मॅट घालून जाऊ नका. आधी महिनाभर बाजारात, स्टेशनवर, घरच्या लहान मुलांवर सराव करा. तोवर जोडस्क्रीनच बरी.

महापालिकेची इंद्रभुवन इमारत, भुईकोट किल्ल्याची तटबंदी, जुन्या पेठांमधले वाडे, असं बांधकाम काढणाऱ्याला चौकटीची स्क्रीन म्हणजे मोठा आधार. खांब सरळ उभे आहेत की कॅमेरा वर कलल्यामुळे आत झुकलेत, हे रेषेशेजारी लगेच कळतं. तळ्याच्या पाण्याची रेघ तिरकी येत नाही. जुने फोटो किंवा कागद टेबलावर ठेवून त्यांची नक्कल काढायलाही हीच. आणि या स्क्रीनवर मध्ये काळा पडणारा गोल नसतो, त्यामुळे लांब लेन्सलाही ती चालते. माझ्या मते एकच जादा स्क्रीन घ्यायची असेल तर मॅटच्या आधी हिचा विचार करावा. तिच्यात मॅटचे सगळे गुण आहेत, वर रेषांची शिस्त.

नान्नजच्या माळरानावर काळवीट आणि पक्षी काढायला जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. तिथे लांब लेन्स, लांबचा विषय आणि स्प्लिट काळा, म्हणून मॅट किंवा चौकट.

पाचवी पायरी : विकत घेताना

स्क्रीनवर कॅमेऱ्याचं नाव बघून घ्या, कंपनीचं नुसतं नाव बघून नाही. निकॉन एफ३ ची स्क्रीन एफएम२ मध्ये बसत नाही. एफई आणि एफएम२ च्या स्क्रीन एकमेकांत बसतात, पण एफएम२ साठीच्या, के२ सारख्या २ आकड्याच्या स्क्रीन जास्त उजळ आहेत, त्यामुळे एफईचं मीटर थोडं फसतं. त्याचा उपाय पुढे आहे.

वापरलेली स्क्रीन घेताना ती खिडकीसमोर तिरकी धरून दोन्ही बाजूंनी बघा. मध्यभागी बोटाचा ठसा किंवा पुसल्याचे गोल गोल ओरखडे दिसले तर नको म्हणा. कडेला एखादा ओरखडा चालतो. मूळ डबी आणि तिच्यातला छोटा चिमटा मिळत असेल तर थोडे जास्त पैसे द्या, त्या चिमट्याशिवाय पुढचं काम अवघड होतं.

मूळ स्क्रीन कितीही जुनी वाटली तरी विकू नका, जपून ठेवा.

सहावी पायरी : बदलताना

जागा निवडणं हेच अर्धं काम आहे. सोलापुरात प्रत्येक पलंगावर चादर आणि प्रत्येक दांडीवर टर्किश टॉवेल, आणि सवयीने आपण त्यावरच कॅमेरा ठेवतो. असं करू नका. सुती कापडातून सुटणारा तंतू स्क्रीनवर बसला की तो काढताना दुसरा बसतो. मोठं स्टीलचं ताट स्वच्छ धुऊन, कोरडं करून घ्या आणि त्यात काम करा. स्क्रीन चिमट्यातून निसटली तरी ताटात राहते. पंखा बंद ठेवा. उन्हाळ्यात पंखा बंद म्हणजे घाम येतो, तेव्हा हे काम पहाटे करा. हात साबणाने धुवा. शेंगा चटणीचं तेल बोटांना साधं पाणी लावून जात नाही, आणि स्क्रीनवर उमटलेला तेलाचा ठसा मग निघत नाही.

लेन्स काढा. कॅमेऱ्याच्या तोंडातून आत बघा. आरशाच्या वर, पुढच्या कडेला एक छोटी खिट्टी दिसेल. एफएम२ मध्ये आणि ओएम मध्ये ती ओढली किंवा दाबली की स्क्रीन धरणारी चौकट खाली लोंबते. काढण्याआधी मोबाइलवर एक फोटो घ्या, स्क्रीनचा छोटा कान कुठल्या बाजूला आहे आणि कोणती बाजू खाली आहे ते दिसेल असा. चिमट्याने तो कानच धरा, मधल्या भागाला काही लागू देऊ नका. जुनी स्क्रीन थेट डबीत ठेवा. नवी त्याच दिशेने ठेवा, चौकट वर ढकला, बारीक टक् असा आवाज आला की बसली.

आरशाला हात लावू नका. त्याचा चकाकणारा थर काचेच्या वरच्याच बाजूला असतो, पुसला की ओरखडा पडतो. स्क्रीनवर धूळ दिसली तर रबरी फुग्याने हवा मारा. तोंडाने फुंकू नका. स्पिरिट, काच पुसायचं औषध, चष्म्याचं कापड, यातलं काहीही स्क्रीनला लावायचं नाही. आपण काच म्हणत असलो तरी ती बहुतेक वेळा प्लास्टिकची असते आणि तिच्यावरची बारीक नक्षी हाच तिचा जीव आहे.

आरशाच्या वरच्या कडेला काळ्या स्पंजची पट्टी असते. जुन्या कॅमेऱ्यांत ती डांबरासारखी चिकट होऊन विरघळते, आणि आपल्याकडच्या उष्णतेत तर लवकरच. काडीच्या टोकाने हलकेच स्पर्श करून बघा. काडीला काळं चिकटलं तर आधी ती पट्टी बदलून घ्या, मगच नवी स्क्रीन घाला. नाहीतर पहिल्याच फोटोला आरसा त्यावर आपटून ते डांबर स्क्रीनवर उडणार.

सातवी पायरी : मीटर

बहुतेक कॅमेऱ्यांत प्रकाश मोजणारा डोळा प्रिझमजवळ असतो, म्हणजे तो स्क्रीनवरून आलेलाच उजेड मोजतो. स्क्रीन जास्त उजळ असली की मीटरला वाटतं बाहेर जास्त उजेड आहे, आणि फोटो काळवंडतात. सावलीतली एक सपाट भिंत घ्या. जुन्या स्क्रीनवर मोजून लिहून ठेवा, लगेच नवी घालून पुन्हा मोजा. एफ/८ ला आधी १/१२५ दाखवत होता आणि आता १/२५० दाखवतो, म्हणजे एका स्टॉपचा, दुप्पट उजेडाचा फरक. मग ४०० ची फिल्म घालून आयएसओचं कडं २०० वर ठेवा. फरक कमी असेल तर त्या मानाने कमी सरकवा.

आठवी पायरी : फोकस खरा आहे का ते बघणं

ही पायरी टाळू नका. बाहेरगावी दुरुस्तीला दिलेला माझा एक कॅमेरा परत आला, तेव्हा मी ती टाळली होती. आठवड्याने चुलतबहिणीचं लग्न होतं. एफ/२ ला, मोजून अडीच मीटरवरून सगळे महत्त्वाचे फोटो काढले. रोल धुऊन आल्यावर मंगलाष्टकांच्या फ्रेमा बघितल्या, तर तिच्या मागे उभ्या असलेल्या मामांच्या फेट्याची नक्षी धागा न् धागा दिसत होती आणि तिचे डोळे मऊ होते. एका नाही, सगळ्या फ्रेममध्ये. कॅमेरा जाणकाराला दाखवला तेव्हा कळलं, स्क्रीनची उंची जुळवणारी कागदाएवढी पातळ पट्टी उघडताना निघाली होती आणि परत बसवलीच गेली नव्हती. ते फोटो पुन्हा काढता येणार नव्हते. म्हणून आता स्क्रीनला हात लागला की मी पुढच्या दोन्ही परीक्षा घेतो, काम स्वतः केलेलं असो की दुसऱ्याने.

पहिली फिल्मशिवाय. गच्चीवर जा, किलोमीटरभर लांबचा टॉवर किंवा शिखर पकडा. ५० मिमी लेन्स अनंताच्या खुणेवर टेकवा. स्प्लिटमध्ये टॉवर जुळलेला दिसायला हवा. मग कॅमेरा स्टँडवर लावा, मागचं झाकण उघडा, फिल्म जिथे सपाट बसते त्या आतल्या दोन रुळांवर बटर पेपरचा ताठ तुकडा सपाट ताणून धरा. शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहणाऱ्या खुणेवर) ठेवून बटणाला लावायच्या केबलने उघडं ठेवा, अॅपर्चर पूर्ण उघडा. डोक्यावरून काळं कापड घ्या आणि बटर पेपरवर उमटलेला उलटा टॉवर भिंगातून बघा. भिंग नसेल तर दुसरी ५० मिमी लेन्स उलटी धरा, उत्तम भिंग होतं. व्ह्यूफाइंडरमध्ये रेखीव तेव्हा इथेही रेखीव असेल तर उंची बरोबर.

दुसरी फिल्मवर. वर्तमानपत्राचं पान पुठ्ठ्यावर चिकटवून ४५ अंशात तिरकं उभं करा. मधल्या एका ओळीवर जाड पेनाने रेघ मारा. कॅमेरा स्टँडवर, मीटरभर अंतर, अॅपर्चर पूर्ण उघडा. रेघेवर फोकस करून सहा फोटो काढा. प्रत्येक वेळी कडं पूर्ण फिरवून फोकस पुन्हा पहिल्यापासून करा, तीनदा जवळच्या बाजूने येत, तीनदा लांबच्या.

निगेटिव्ह आल्यावर भिंगातून ओळी मोजा. सहाही फ्रेममध्ये रेघेच्या मागच्याच ओळी लख्ख असतील किंवा सहाहीत पुढच्याच, तर स्क्रीनची उंची किंवा आरशाचा कोन चुकलेला आहे. कॅमेरा जाणकाराकडे न्या आणि ही निगेटिव्ह त्याला दाखवा, त्याचं निम्मं काम वाचतं. कधी पुढे, कधी मागे असं विखुरलेलं असेल, तर कॅमेरा बरोबर आहे. मग दुसऱ्या पायरीवर परत जा आणि डोळ्याचा नंबर बघा, किंवा स्प्लिटकडून मॅटकडे जायची घाई झाली होती का ते बघा. रेघ सहाही वेळा लख्ख असेल, तर स्क्रीनचं नाव, बदलल्याची तारीख आणि मीटरची दुरुस्ती एका चिठ्ठीवर लिहून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवा आणि नवा रोल भरा.